कुंड्यांवरून चालताना

प्रवासी : काका, सावद्याहून जगदलपूर हजारेक किलोमीटर पडतं. मुक्ताईनगरला महामार्ग धरला की मलकापूर, अकोला, अमरावती, नागपूर, पुढे देवरीचं जंगल, मग रायपूर आणि तिथून दक्षिणेला वळून केशकालचा घाट. एवढी गाडी मी चालवली ती कांगेर खोऱ्यातल्या कोटमसरच्या गुहेसाठी. बाहेरून बघाल तर डोंगराच्या अंगाला एक फट. उतरताना खांदे आवळून घ्यावे लागतात. मग एकामागून एक दालनं उघडत जातात. छतापासून चुनखडीची झुंबरं लोंबतात, खालून तसेच सुळके वर आलेले. वाटाड्यानं एके ठिकाणी दिवा मालवला, तर डोळे उघडे आहेत की मिटलेले हे मला पापणीला बोट लावून बघावं लागलं. तिथल्या डबक्यांत बोटभर लांबीचा एक मासा राहतो. रंग उडालेला, डोळे जवळजवळ गेलेले. त्या माशाच्या जातीचं पहिलं वर्णन १८७२ साली झालं, तेही पुण्याच्या माशांवरून. पुण्याकडच्या ओढ्यातला डोळस आणि बस्तरच्या अंधारातला आंधळा, दोघांना संशोधक एकाच जातीत धरत आले आहेत. हे सगळं मनात घेऊन परत येताना मी परतवाडा, धारणी करत मेळघाट उतरले आणि बऱ्हाणपूरला थांबले. तिथल्या कुंडी भंडाऱ्यात, जमिनीखालच्या पाण्याच्या जुन्या भुयारात, लिफ्टनं ऐंशी फूट खाली गेले. पायाखाली वाहतं पाणी, दोन्ही बाजूंना पांढरट भिंती, आणि वर दूरवर कुंडीच्या तोंडातून आलेला रुपयाएवढा उजेड. जे बघायला मी हजार किलोमीटर गेले, ते आपल्या दारापासून तासाभरावर होतं. आणि आपल्या घरातलं कुणीही तिथं कधी उतरलेलं नव्हतं. लग्नाचा बस्ता बांधायला बऱ्हाणपूर, नातेवाइकांकडे बऱ्हाणपूर, पण ते पाणी कुणी पाहिलेलं नाही. म्हणून म्हणते, लोकांना तिथं न्यायला हवं. आपल्याकडच्या शाळांच्या सहली जायला हव्यात, वाटेत पाट्या हव्यात.

बागायतदार : तुझ्या हिंडण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पोरी. पण झाकलेल्या गोष्टीला पाटी लावायची म्हटलं की माझा जीव खालीवर होतो. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेचं मी वाचलंय. १९४० साली पोरांना सापडली. भिंतींवरचे बैल नि घोडे सतरा-अठरा हजार वर्षं अंधारात जसेच्या तसे राहिले होते. १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. पंधरा वर्षं पुरली. कुणी दगड मारला नाही, चोरी केली नाही. माणसं आत गेली आणि त्यांनी श्वास घेतला, एवढंच. श्वासाची वाफ, अंगाची ऊब, दिव्यांचा उजेड, यांनी भिंतींवर शेवाळ चढलं. शेवटी शेजारी हुबेहूब खोटी गुहा बांधली आणि लोक ती बघू लागले. आपल्या अजिंठ्याचं काय झालं? १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा गोरा शिकारीला आला, दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या चित्रावरच त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरली. हजार-बाराशे वर्षांनी आलेला पहिला पाहुणा! आणि तू सांगितलेला तो मासा. अंधार हेच त्याचं घर, अंधारासाठी त्यानं डोळे दिले. त्याच्या डबक्यापाशी आपण दिवे घेऊन उभे राहतो आणि त्याला निसर्गप्रेम म्हणतो. लपलेल्या जागेची किंमत ती लपलेली असण्यातच असते, आणि नेमकं तेच आपण आधी संपवतो.

प्रवासी : कोटमसरच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार नाही. पावसाळ्यात ती गुहा बंद ठेवतात ते बरंच आहे, आणखी कडक नियम केले तरी मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. पण काका, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधताय. चुनखडी पाण्यात विरघळते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होतं आणि खडक खात खात गुहा करतं. माणूस तिथं उपराच. आपला काळा पाषाण असा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडच्या नाव घ्यावं अशा गुहा बहुतेक सगळ्या हातांनी खोदलेल्या. अजिंठा, वेरूळ, पितळखोरा, सगळ्यांवर छिन्नीच्या खुणा आहेत. कुंडी भंडारा या दुसऱ्या कुळातला आहे. तो माणसानं माणसासाठी केला. जहांगिराच्या काळात, १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखाना बऱ्हाणपूरला असताना. दोहे लिहिणारा रहीम तो हाच. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं जागा हेरली असं सांगतात. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून जे पाणी पाझरत जातं, त्याच्या वाटेत आडवं भुयार घातलं. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या, शंभराहून जास्त, हवा खेळायला आणि गाळ काढायला. भुयाराला बेताचा उतार दिला, की पाणी आपल्या पायांनी चालत शहराकडे येतं. जाळी करंजात गोळा होऊन तिथून नळांनी शहरभर जातं. मोट नाही, बैल नाही, पंप नाही. भिंतींवर चुन्याचा पांढरा थर दिसतो तो त्या पाण्यानंच चारशे वर्षांत चढवला, म्हणजे माणसानं खोदलेल्या भुयाराला पाणी हळूहळू गुहेचं रूप देत गेलं. तिथं माझ्या श्वासानं काय बिघडणार आहे? तिथं कुठलं चित्र नाही. आणि याच रहीमच्या सैन्याशी दक्षिणेत लढणारा मलिक अंबर साधारण त्याच दशकात खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर खोदत होता. एकमेकांवर तलवार धरणारी दोन माणसं जमिनीखाली एकच विद्या वापरत होती. हे मराठी पोरांना दाखवायचं नाही, तर काय दाखवायचं?

बागायतदार : तू म्हणालीस पाणी आपल्या पायांनी चालत येतं. सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे, आणि नेमकं तेच लिफ्टनं उतरणाऱ्या माणसाला दिसत नाही. तो भिंती बघतो, मोबाइलवर फोटो काढतो, वर येऊन चहा पितो. त्या भुयाराचा एक नियम आहे. जेवढं पाझरून येईल तेवढंच घ्यायचं. त्याला जास्त घेताच येत नाही. पाऊस कमी झाला तर धार बारीक होईल, पण भुयार खाली सरकून पाण्याचा पाठलाग करणार नाही. आणि आमचा बोअर? पाणी खाली गेलं की तोही खाली जातो. माझ्या आजोबांच्या विहिरीला साठ फुटांवर पाणी होतं. बापानं तिच्यात आडवे बोअर मारले. मी उभा बोअर केला तीनशेचा, तो आटला म्हणून पाचशेचा, आता सातशेवर आहे. हिशेब करून बघ. केळीची पाच हजार खोडं, उन्हाळ्यात झाडामागे दिवसाला पंधरा लिटर धर. ठिबकनं देऊनसुद्धा रोजचं पाऊण लाख लिटर पाणी होतं. आणि असा मी एकटा नाही. यावल, फैजपूर, सावदा, रावेर, सगळा पट्टा हेच करतो. इराणात काय झालं? ही विद्या जिथून आली, तिथल्याच कितीतरी कनाती, म्हणजे अशीच भुयारं, विसाव्या शतकात खोल बोअर आणि पंप आल्यावर कोरड्या पडल्या. मग २०१६ साली उरलेल्यांतल्या अकरा कनातींना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आधी पाणी ओढून घ्यायचं आणि मग उरल्यासुरल्या भुयाराला हार घालायचा. बऱ्हाणपूरचा भंडाराही २०२४ च्या मार्चमध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. मला आनंद झाला नाही असं नाही. पण यादीत नाव गेल्यानं पाणी मुरतं का? भुयाराला धोका आतल्या माणसाकडून नाही हे तुझं म्हणणं खरं आहे. तो वरच्या माणसाकडून आहे. आणि वरचा माणूस बघायला कुणी तिकीट काढत नाही.

प्रवासी : हे सगळं तुम्हाला कळतं काका, तरी तुमचा बोअर सातशेवर गेला. रागावून नाही म्हणत. कळणं आणि दिसणं यांत जे अंतर आहे ना, मी त्याबद्दल बोलतेय. भूजल हा शब्द मी शाळेत शिकले, परीक्षेत लिहिला, मार्क घेतले. पण जमिनीखालचं पाणी म्हणजे माझ्यासाठी मोटारीचं बटण होतं. बटण दाबलं की येतं, वीज गेली की येत नाही. भंडाऱ्यात पायाला ते गार पाणी लागलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ते एका दिशेनं जात असतं, त्याला डोंगर असतो आणि नदी असते. ते माझं नाही, माझ्या शेताखालून जाताना मला भेटतं, एवढंच. हे पुस्तकानं झालं नसतं. तुम्ही म्हणता लोक फोटो काढून चहा पितील. पितीलही. पण शंभरातल्या दोघांना पायाखालचा तो ओघ आठवत राहिला तर? आणि न बघण्यानं तरी काय राखलं गेलं? आंध्रातल्या बेलमच्या गुहा बघा. रॉबर्ट ब्रूस फूटनं १८८४ साली त्यांची नोंद केली होती. १९८२-८३ मध्ये जर्मन मंडळींनी आत शिरून मोजणी केली, सव्वातीन किलोमीटर भरल्या. तरी आजूबाजूचे लोक त्यात कचरा टाकत होते, कारण त्यांच्यासाठी ते जमिनीतलं एक भोक होतं. २००२ पासून प्रवासी यायला लागले आणि ते भोक गुहा झालं. औरंगाबादची नहर कुणाला दिसत नव्हती, म्हणून तर बांधकामांनी ती जागोजाग फोडली. पाया खणताना खालून पाणी जातंय हे ज्याला माहीतच नाही, त्याला दोष तरी कसा द्यायचा? अंधारानं मासा राखला, कबूल. पण पाणी अंधारानं राखलं जात नाही. ते अंधारातच चोरलं जातं.

बागायतदार : चोरलं जातं हा शब्द मला लागला. लागायलाच हवा. पण आता तू एका बाजूनंच बघतेस, तेही सांगतो. शंभराहून जास्त कुंड्या. लिफ्ट एका कुंडीला. बाकीच्या कुठं आहेत? रानात, शेतांच्या बांधावर, वस्तीच्या कडेला. तिथं पाहुणा जात नाही. राखण होईल ती तिकीट लागतं तिथं. आणि समज, खरोखर राखायचं ठरलं. म्हणजे काय करावं लागेल? भुयाराच्या दोन्ही अंगांना, वर डोंगरापर्यंत, बोअर बंद करावे लागतील. मग तिथल्या शेतकऱ्यानं केळी सोडायची? त्याला कोण काय देणार? तुझी सहल पावसाळ्यात येईल, पोरं पाण्यात पाय बुडवून जातील, आणि ज्याचा पंप सील झाला तो माणूस वर उभा राहून त्यांच्या बसगाड्या मोजेल. अशा जागा आपल्या पिढीच्या आनंदासाठी आहेत असं ज्याला वाटतं त्यानं आधी विचारावं, की या आनंदाचं बिल कुणाच्या सातबाऱ्यावर चढतंय. मी बागायतदार म्हणून बोलतोय, लपवत नाही. माझी केळी सावद्याच्या स्टेशनातून दिल्लीला गेली, तिथल्या लोकांनी खाल्ली. एकेका घडात सातपुड्याचं किती पाणी गेलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. आणि आता त्यातलाच एखादा सुट्टीत गाडी काढून भंडारा बघायला येणार आणि मला म्हणणार, काका, तुम्ही फार पाणी उपसता.

प्रवासी : हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. मी बऱ्हाणपूरला दोन तास होते, आणि त्या दोन तासांत वरचं शेत कुणाचं हा प्रश्न मला पडला नाही. पण काका, तुमच्या बोलण्यातूनच दुसरी गोष्ट निघते. दिल्लीच्या माणसानं विचारलं नाही, कारण त्याला दिसलं नाही. मग त्याला दिसू दे. तुम्हाला तो प्रश्न अपमानाचा वाटेल, पण त्याशिवाय भाव, पाणी आणि भरपाई यांचं गणित एका कागदावर येणार कसं? सध्या आपल्याकडे सगळी भिस्त मेगा रिचार्जवर आहे. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांनी करार केला. तापीचं पुराचं पाणी अडवून, कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन तिथल्या गोट्यावाळूच्या थरात मुरवायचं. बझाडा म्हणतात त्या पट्ट्यात. कल्पना मोठी आहे, मला पटतेही. पण लोकांना त्यातलं काय कळतं? कालवा कळतो, धरण कळतं. मुरणं कळत नाही. पैसे ओतले आणि पाणी जमिनीत गेलं, मग ते कुठं गेलं, असंच विचारतील. मुरलेलं पाणी पुढे काय करतं हे उघड्या डोळ्यांनी दिसावं अशी आपल्या आसपास एकच जागा मला माहीत आहे. सातपुडा तोच, उतारही तोच, तापीकडचा. रहीमनं घातलेलं भुयार ही त्या पाण्याला पडलेली खिडकी आहे. ती बंद ठेवून तुम्ही कुणाला काय समजावणार?

बागायतदार : खिडकी म्हणालीस त्यावरून एक सांगतो. आमच्या विहिरीत दर उन्हाळ्यात उतरावं लागायचं. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की आजोबा दोर बांधून आम्हा पोरांना खाली सोडायचे, गाळ काढायला. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. खाली गार, वर पेटलेलं ऊन. टोपल्यांनी गाळ वर द्यायचा. गाळ हटला की एका कपारीतून झरा मोकळा व्हायचा, आणि आजोबा वरून ओरडून विचारायचे, किती बोटं? धार किती बोटं जाड आहे ते हात लावून सांगायचं. चार बोटं म्हटलं की ते त्या वर्षी बाग वाढवायचे. दोन म्हटलं की एक तुकडा ज्वारीला सोडायचे. कुठला सरकारी आकडा नव्हता, पोराच्या बोटांवर वर्ष ठरायचं. ७२ च्या दुष्काळात मी एक बोट सांगितलं होतं. त्या रात्री घरात कुणी फार बोललं नाही. हे आठवतं तेव्हा कळतं, आम्ही बघायला म्हणून उतरत नव्हतो. काम करायला उतरत होतो, आणि ते काम करताना दिसायचं. पुढे बोअर आला. सहा इंचांच्या पाइपात माणूस उतरत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात जमिनीखाली काय चाललंय हे कुणी पाहिलं नाही. मी सातशे फुटांपर्यंत गेलो तो आंधळेपणानं गेलो. तुझ्या त्या माशासारखा. अंधारात राहून राहून डोळे गेले.

प्रवासी : मग माझंच म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत. आपल्या मुलखातल्या पाण्यापर्यंत माणूस उतरू शकेल अशी ती शेवटच्या जागांपैकी एक आहे. म्हणूनच तिथं लोकांनी जावं.

बागायतदार : नाही, इतक्यात जुळवू नकोस. मी उतरायचो तेव्हा वर आजोबा उभे असायचे आणि माझ्या उत्तरावर त्यांचा पेरा ठरायचा. तुझ्या सहलीतल्या पोरांना कुणी वरून विचारणार आहे का, किती बोटं? आणि विचारलं, तर त्या उत्तरावर कुणी काय पेरायचं ते ठरवणार आहे का? तसं होणार असेल तर पाट्या लाव, बस भर, मी स्वतः डिझेलचे पैसे देतो. तसं होणार नसेल तर ती खिडकी नव्हे, चित्राची चौकट आहे. सुंदर आहे, पण तिच्यातून वारा येत नाही. आणि तसं होईल की नाही हे तुला माहीत नाही, मलाही नाही.

प्रवासी : माहीत नाही, खरंय. पण न विचारण्याची सवय तर आपल्याला लागलेलीच आहे. ती मोडायची तर कुणीतरी आधी उतरायला हवं ना? आजोबांच्या वेळीही पहिल्यांदा कुणीतरी दोर बांधला असेल. तुम्ही माझ्यासोबत या. पावसाळा संपला की जाऊ, तेव्हा भुयार भरून वाहत असेल.

बागायतदार : पावसाळ्यानंतर नको. तेव्हा सगळ्यांचंच वाहतं. यायचं तर मेच्या अखेरीस येईन, केळीची कटाई उरकून. आणि मी लिफ्टनं उतरणार नाही. तू खाली जा. मी वरून चालत येतो, एकेका कुंडीपाशी थांबत, डोंगराच्या बाजूनं. कुठल्या कुंडीशेजारी कुणाचा बोअर आहे, किती खोल आहे, शेतात केळी आहे की कापूस, त्या शेतकऱ्याला विचारत येतो. त्याच्या बांधावर बसून दोन गोष्टी ऐकतो. तो मला ओळखेल, माझ्या हातांना केळीच्या चिकाचे डाग आहेत. तू खालून चाल. मधल्या एखाद्या कुंडीत मी वाकून हाक मारीन.

प्रवासी : आणि विचाराल, किती बोटं?

बागायतदार : विचारीन. पण तुझं उत्तर ऐकून तिथल्या माणसाला मी काय सांगायचं, हे तोवर तू मला सांगून ठेव. आणि माझ्या सातशे फुटांचं काय करायचं, तेही.